बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेआधीचा लिक्विड डाएट: बिनचवीचं व्हे, शेकर आणि हँड ब्लेंडर, वापरानंतरचा अनुभव

वजन कमी करण्याच्या (बॅरियाट्रिक) शस्त्रक्रियेआधी काही दिवस फक्त द्रव पदार्थांवर राहायला सांगतात. या लिक्विड डाएटसाठी पावडर घ्यायची असेल तर चॉकलेट, व्हॅनिला, आंबा असलं काही न घेता बिनचवीचं व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची जास्त शुद्ध पावडर, घ्या. महिनोन्महिने वापर झाल्यावर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. हा आहार भुकेमुळे मोडतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो मोडतो गोडाचा वीट आल्यामुळे. चवीच्या पावडरीत बहुधा सुक्रालोजसारखा कृत्रिम गोडवा असतो आणि दिवसातून तीनदा तोच गोडवा प्यायला लागला की चौथ्या-पाचव्या दिवशी शेकर नुसता उघडला तरी मळमळतं. मग हात जातो तो फरसाणाकडे किंवा गरम भाताकडे. बिनचवीची पावडर ताकात, दुधीच्या सुपात, मुगाच्या कढणात, कॉफीत कुठेही जाते. महाराष्ट्रातल्या जिभेला आंबट-तिखट-खारट हवं असतं, आणि ते या आहारात भरपूर बसवता येतं.

हा आहार कशासाठी असतो ते नीट कळलं की तो पाळणं सोपं जातं. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडणं), दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना यकृताचा डावा भाग जठरावर आडवा आलेला असतो. तो उचलून धरला की खालचं जठर दिसतं. चरबीनं सुजलेलं यकृत जड आणि ठिसूळ असतं, उचलताना त्यातून रक्त येऊ शकतं आणि जागाही पुरत नाही. यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पिष्टमय पदार्थ आणि कॅलरी एकदम कमी केल्या की आधी हा साठा उतरतो, मग चरबी. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ३२ जणांना १२ आठवडे असा कमी कॅलरीचा आहार दिला होता. यकृताचा आकार सरासरी १८.७ टक्क्यांनी घटला आणि त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. बरीच रुग्णालयं दोन आठवडे सांगतात त्यामागचा हिशोब असा आहे. वजन फार जास्त असेल तर हा काळ वाढवतात.

आता पावडरीकडे. व्हेचा स्वस्त प्रकार म्हणजे कॉन्सन्ट्रेट. त्यात प्रथिनं सुमारे ८० टक्के असतात आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्यापैकी असते. आयसोलेटमध्ये प्रथिनं ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज जवळजवळ नाही. नुसत्या द्रवावर असताना पोट आधीच फुगतं, त्यात कॉन्सन्ट्रेट घातलं की गुडगुड आणि जुलाब वाढतात. म्हणून इथे पैसे वाचवू नयेत. डब्यावर एका स्कूपचं वजन आणि त्यातली प्रथिनं दोन्ही पाहा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २६-२७ ग्रॅम असतील तर ते खरं आयसोलेट. २० ग्रॅम असतील तर नाव काहीही असो, बाकीचा माल दुसरा आहे. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन ही स्वस्त अमिनो आम्लं वेगळी घातलेली दिसली तर तो डबा परत ठेवा, कारण त्यानं प्रथिनांचा आकडा फुगवता येतो. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीखही पाहायचीच.

स्कूपवर मात्र विसंबू नका. पावडर डब्यात दबली की त्याच स्कूपमध्ये ३०च्या जागी ३५-३६ ग्रॅमही भरते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे शेकरपेक्षा जास्त उपयोगी ठरतो. रोज ६० ग्रॅम धरली तर दोन आठवड्यांना ८४० ग्रॅम लागते, म्हणजे एक किलोचा डबा पुरतो. दोन किलोचा स्वस्त पडतो म्हणून आधीच घेऊन ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांची चव आणि वास घेण्याची तऱ्हा बदलते, आणि कालपर्यंत चालणारी पावडर नकोशी होते.

व्हे हा पूर्ण आहार नाही, हे फार महत्त्वाचं आहे. रुग्णालयातून जी मील रिप्लेसमेंट (जेवणाऐवजी घ्यायची) पावडर लिहून देतात तिच्यात जीवनसत्त्वं, खनिजं, थोडी स्निग्धता आणि पिष्ट मोजून घातलेलं असतं. व्हेमध्ये जवळजवळ फक्त प्रथिनं. ती मेडिकल पावडर सांगितली असेल तर आहारतज्ज्ञांना न विचारता तिच्या जागी व्हे घेऊ नका. व्हे, दूध आणि सुपांवर राहायचं ठरलं असेल तर मल्टिव्हिटॅमिन लिहून घ्याच. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा फक्त डॉक्टर ठरवतील.

कालवण्याची रीत साधी आहे, पण उलटी केली की गुठळ्या होतात. शेकरमध्ये आधी २०० ते २५० मिली थंड पाणी किंवा दूध, मग पावडर, मग स्टीलचा गोळा. अर्धा मिनिट हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. फेस बसू न देता प्यायलं की ती सगळी हवा पोटात जाते, आणि मग दोष पावडरीला मिळतो. स्टीलचा शेकर प्लास्टिकपेक्षा सरस, कारण त्याला वास धरत नाही. त्याची उणीव एवढीच की बाहेरून पातळी दिसत नाही. वास येतो तो बहुधा झाकणातल्या रबरी रिंगमधून. ती टोकदार नसलेल्या चमच्याच्या दांड्यानं काढून गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवली की जातो. कालवलेलं पेय बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेर जाताना पावडर कोरड्या डबीत वेगळी न्यावी. आणि ती गरम थर्मासमध्ये कधीच कालवून भरू नये.

गरम पदार्थात व्हे घालणं ही सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. साधारण ७० अंशांच्या वर ही प्रथिनं गोठायला लागतात आणि सुपात अंड्याच्या पांढऱ्यासारखे तुकडे तरंगतात. पोषण कमी होत नाही, पण ते पिववत नाही. त्यामुळे १५ ग्रॅम पावडर आधी ५० मिली थंड पाण्यात एकजीव करायची, सूप गॅसवरून उतरवून घोट घेताना चटका बसणार नाही इतकं निवू द्यायचं, आणि मग ही पेस्ट हलवत ओतायची. नंतर परत गरम करायचं नाही. दुधी, कोहळा, पालक, मूग यांत हे छान बसतं. टोमॅटोच्या सारात मात्र जपून, कारण आंबटपणामुळे ते लवकर फाटतं. सार प्यायचं तर नुसतंच प्यावं आणि प्रथिनं दुसरीकडून घ्यावीत.

दुधीच्या सुपाचं प्रमाण: २५० ग्रॅम दुधी, एक पेर आलं, चार-पाच मिरे, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, ५०० मिली पाणी, कुकरच्या दोन शिट्ट्या. हँड ब्लेंडरनं पातेल्यातच फिरवून बारीक गाळणीतून गाळायचं. हँड ब्लेंडर हा या सगळ्यातला सर्वांत टिकाऊ खर्च आहे, फक्त दांडा सुटा निघणारा घ्या, नाहीतर पात्याखाली चिकटलेलं साफ होत नाही. मिक्सरच्या बंद भांड्यात उकळतं सूप फिरवू नये, वाफेनं झाकण उडतं.

ताकाला या आहारात तोड नाही. १०० ग्रॅम साय नसलेलं दही, ३०० मिली पाणी, सैंधव, जिरेपूड, आल्याचा गाळलेला रस, पुदिना वाटून गाळलेला, आणि त्यात १५ ग्रॅम बिनचवीचं व्हे. ताकाच्या आंबटपणात व्हेचा जो किंचित कडवट दुधाळ वास असतो तो पूर्ण झाकला जातो. नुसत्या ताकात प्रथिनं कमीच असतात, ३-४ ग्रॅम. करायला वेळ नसेल तर अमूलचं हाय प्रोटीन ताक मिळतं, २०० मिलीत १५ ग्रॅम, आणि प्रवासात ते खूप कामाचं आहे.

आपल्याकडे ताकद येईल म्हणून प्रेमानं जे दिलं जातं त्यातलं बरंच इथे चालत नाही. वरणाचं वरचं पाणी पातळ असतं, त्यात प्रथिनं नावालाच. भाताची पेज आणि नाचणीची आंबील द्रव असली तरी पिष्टच, म्हणजे जो साठा रिकामा करायचा तोच भरायचा. सोलकढीत नारळाची स्निग्धता, पन्हं आणि कोकम सरबतात साखर. आगळ पाण्यात घालून मीठ-जिरं टाकलं तर चालेल. अळणी (मीठ असलेलं, पण मसाला नसलेलं) मटणाचं पाणी किंवा पायाचं सूप घ्यायचं तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वर गोठलेली चरबी पूर्ण काढा. त्यातलं प्रथिन बहुतांशी जिलेटिन असतं आणि जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून ते व्हेच्या जागी मोजू नये. मिठासाठी आणि समाधानासाठी मात्र ते उत्तम.

दिवसाचा हिशोब असा बसतो. साय नसलेलं स्किम्ड दूध ६०० मिली म्हणजे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि २१० कॅलरी. व्हे ६० ग्रॅम म्हणजे ५० ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं आणि २२५ कॅलरी. दोन वेळच्या ताकासाठी २०० ग्रॅम दही, ७ ग्रॅम आणि ९० कॅलरी. ३० ग्रॅम मूगडाळीचं गाळलेलं कढण आणि दोन वाट्या भाज्यांचं सूप धरून सगळं मिळून ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साधारण ७०० कॅलरी होतात. आहारतज्ज्ञांचा आकडा बहुधा ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि ८०० ते १००० कॅलरी असा असतो, त्यामुळे दूध किंवा कढण वाढवायला जागा राहते. याशिवाय पाणी दीड ते दोन लिटर. दर अडीच-तीन तासांनी काहीतरी पोटात जाईल असं वेळापत्रक ठेवा आणि संध्याकाळी सहा ते नऊसाठी गरम, तिखट असं काहीतरी राखून ठेवा. घरात फोडणीचा वास सुटतो ती वेळ सगळ्यात कठीण असते.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, थंडी वाजते. ग्लायकोजेनबरोबर पाणी जातं आणि पाण्याबरोबर मीठही. मीठ घातलेलं ताक किंवा मटणाचं अळणी पाणी घेतलं की पुष्कळ फरक पडतो, मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मिठाचं प्रमाण विचारून ठरवावं. तोंडाला येणारा विचित्र वास किटोनचा (चरबी जळताना तयार होणाऱ्या पदार्थांचा) असतो, ब्रशनं जात नाही, पाणी वाढवल्यावर कमी होतो. चोथाच नसल्यामुळे दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही. इसबगोल चालेल का ते विचारा, आणि घेतलं तर पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. कमी पाण्यात ते आतच घट्ट होतं. गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा) त्रास असलेल्यांना या दिवसांत सांधा सुजण्याचा धोका जास्त.

औषधांबाबत कुठलीही ढिलाई नको. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या आणि जेवण बंद झालं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. मात्रा पहिल्या दिवसाआधीच बदलून घ्यायची असते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांचा प्रश्न उलटा आहे. कमी पिष्टाच्या आहारात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं आणि साखर मात्र फार चढलेली दिसत नाही, म्हणून ओळखायला उशीर होतो. त्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, काही डॉक्टर आहार सुरू होतानाच. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसला तरी लगेच रुग्णालय गाठा. लघवी जास्त करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते, आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांची रक्ततपासणी जास्त वेळा करावी लागते, विशेषतः पालकाचं सूप अचानक वाढवलं तर.

मध्येच पोळी-भाजी खाल्ली गेली तर उरलेले दिवस वाया गेले असं समजून आहार सोडू नका. पुढच्या वेळेपासून पुन्हा द्रवावर या आणि शस्त्रक्रियेच्या टीमला खरं सांगा. लपवल्यानं यकृत तेवढंच मोठं राहतं आणि ते त्यांना टेबलावर कळतं.

शेवटच्या दिवशी एक घोटाळा हमखास होतो. तेव्हा 'क्लिअर लिक्विड' सांगतात, आणि ताक, दूध, व्हे, गाळलेलं सूप त्यात येत नाहीत. ग्लासातून पलीकडची अक्षरं वाचता आली तर ते क्लिअर. भूल देणारे डॉक्टर दुधाला पाण्यासारखं धरत नाहीत. किती तास आधी काय बंद ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर हेच सामान पुन्हा लागतं, पण वापर बदलतो. स्ट्रॉ बहुतेक ठिकाणी काही आठवडे बंद असतो आणि शेकरच्या तोंडातून एकदम मोठा घोट येतो, म्हणून औषधाचा ३० मिलीचा कप घ्या आणि तो १५ मिनिटांत संपवा. ३० ग्रॅम पावडर एकदम झेपत नाही. १० ग्रॅम १०० मिलीत, दिवसातून पाच-सहा वेळा, असं सुरू करा. पुढे मऊ अन्न आलं की मूगडाळ, अंडं, पनीर यांतून प्रथिनं यायला लागतात आणि पावडर रोज एकदाच उरते. डबा उघडल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताना आत दव धरतं. कोरडा चमचा, घट्ट झाकण, ओट्यापासून लांबचा कप्पा. गुठळ्या कडक झाल्या किंवा खवट वास आला तर ती पावडर टाकून द्या.