६ बाय १२ की ७ बाय १४? कॅम्परसाठी कार्गो ट्रेलर

अमेरिकेत कॅम्पर (चाकांवरचं छोटं घर) बनवायला रिकामा कार्गो ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा बंद मालडबा, घेताना लोक आधी लांबी बघतात. मी म्हणेन, आधी वाकून चाकं बघा. ६ बाय १२ ला (सहा फूट रुंद, बारा फूट लांब) बहुधा एकच अ‍ॅक्सल (चाकांचा आस) आणि सामानासकट एकूण वजनमर्यादा २,९९० पौंड, कारण ३,००० च्या वर अनेक राज्यांत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे. पलंग, बॅटरी, कपाटं आणि वर २० गॅलन पाणी, म्हणजे आणखी १६७ पौंड. मर्यादा कधी गाठली ते कळतही नाही. ७ बाय १४ ला सहसा दोन अ‍ॅक्सल, मर्यादा ७,००० पौंड. शिवाय सहा फुटी माणूस आडवा झोपू शकतो, लांबी वाचते. छोटी एसयूव्हीच असेल तर मुकाट्याने ६ बाय १२ घ्या. पिकअप असेल तर दोन अ‍ॅक्सलच, आणि आतली उंची साडेसहा फूट मागा. इन्सुलेशन (ऊन-थंडी अडवणारा थर) दोन-तीन इंच खातंच.