ट्रोलिंग मोटर: आधी बॅटरी बदलावी, कंट्रोलर की पंखा?

छोट्या होडीवरची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर पाण्यातला पंखा फिरवून होडी चालवणारी) अपुरी वाटायला लागली की चार वाटा दिसतात: लिथियम बॅटरी, पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारा), वेगळा पंखा, किंवा थेट २४ व्होल्ट. पण अपुरी म्हणजे नेमकी कशी? दुपारपर्यंत बॅटरी बसते, होडी हळू चालते, गवतात पंखा अडकतो, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

केबलला मी पर्याय म्हणत नाही, कारण ती कुठल्याही वाटेने गेलात तरी बघावीच लागते. ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. बॅटरी पुढे आणि मोटर मागे असली की जाऊन-येऊन १० मीटर तार सहज होते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत तेवढ्यावर जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो. १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्धा व्होल्ट. १२ पैकी दीड म्हणजे आठवा हिस्सा, आणि तो नुसती तार तापवण्यात खर्च होतो. तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा असलेला बरा, आणि ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवाच.

लेड-ॲसिड की लिथियम

१०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मंच काढावं. शिवाय तो आकडा २० तासांत हळूहळू वापरण्याचा असतो. ५० अँपिअरने ओढलं की क्षमता आणखी आकसते. त्याच आकड्याच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० अँपिअर-तास निर्धास्त मिळतात. १५ अँपिअरने रमतगमत चाललात तर पहिलीवर तीनेक तास, दुसरीवर साडेपाच-सहा तास. वजनातला फरक मला तर याहून मोलाचा वाटतो: एक २५ ते ३० किलोची, दुसरी ११ ते १३ किलोची. एकट्याने होडी पाण्यात ढकलणाऱ्याला हे कंबरेतून कळतं.

लिथियमचा दाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे मोटर दुपारीही सकाळसारखी चालते. मात्र आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मोटरच्या कमाल अँपिअरपेक्षा सतत जास्त देऊ शकणारा हवा, चार्जर त्याच रसायनाचा हवा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. रोज थोडाच वेळ पाण्यात असाल आणि जुनी बॅटरी चांगली असेल, तर बदलायची घाई नको.

पाच पायऱ्यांची मोटर की पीडब्ल्यूएम

हँडल फिरवताना पाच ठरलेले खटके लागत असतील तर आत, पाण्यात बुडणाऱ्या भागात, बहुधा कॉइल म्हणजे वीज अडवणारा रोधक आहे. खालच्या वेगांवर हा रोधक जास्तीचा दाब उष्णतेत घालवतो. समजा मोटरला ६ व्होल्ट आणि १५ अँपिअर पुरतात. बॅटरी तरीही १२ व्होल्टनेच १५ अँपिअर देते आणि निम्मी वीज पाणी कोमट करते. पीडब्ल्यूएम वीज क्षणाक्षणाला चालू-बंद करून तेच काम साडेसात-आठ अँपिअरमध्ये करतो. हळू गळ ओढत फिरणाऱ्यासाठी हा बदल सर्वांत फळणारा आहे. पाचव्या वेगावर काहीच फायदा नाही, कारण तिथे कॉइल मधे येतच नाही. आणि हँडल आधीच सलग फिरत असेल तर बहुधा आत पीडब्ल्यूएमच आहे; पुन्हा बसवू नका.

बसवताना ५० अँपिअरच्या मोटरला ८०-१०० सतत अँपिअरचा कंट्रोलर घ्या. डब्यावर छापलेला आकडा पुष्कळदा क्षणिक क्षमतेचा असतो. कंट्रोलर कोरडा राहायला हवा आणि त्याची उष्णताही बाहेर पडायला हवी. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, म्हणून डबा निवडायला वेळ द्या. पुढे-मागे जाण्याचा स्विच वेगळा ठेवावा लागतो आणि वेग शून्यावर आणूनच फिरवावा लागतो.

पंखा

गवत, शेवाळ असलेल्या पाण्यात दोन पात्यांचा, मागे वळलेल्या कडांचा पंखा गवत झटकतो. मोकळ्या पाण्यात तीन पात्यांचा शांत चालतो. जास्त पिचचा (पाती अधिक तिरकी असलेला) पंखा लावून वेग वाढवायचा मोह होतो, पण अँपिअर वाढतात, मोटर तापते.

१२ व्होल्टच्या मोटरला २४ व्होल्ट

हे करू नका. दाब दुप्पट झाला की फेरे दुप्पट व्हायला बघतात. पंख्याचा भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे करंट चौपटीकडे आणि शक्ती आठपटीकडे जाते. वेटोळी, ब्रश आणि कंट्रोलर यांपैकी काहीही त्यासाठी बनलेलं नसतं. आणि मिळतं काय? पाणी कापत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो: पाण्यातल्या लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ४.५ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. ४ मीटरला ९ किलोमीटर. त्यापुढे शक्ती नुसती लाटा उठवते. होडीच खूप जड असेल तर मूळ २४ व्होल्टची मोटर घ्यावी. दर १०० पौंड वजनाला किमान २ पौंड थ्रस्ट धरतात.

बॅटरी लवकर बसते आणि मोटर खटक्यांची आहे, तर आधी कंट्रोलर, मग लिथियम. मोटर सलग फिरणारी असेल तर थेट लिथियम. वाऱ्यात होडी वळत राहते ही खरी तक्रार असेल तर यांतलं काहीच नको: मागच्या फळीवरची मोटर पुढच्या टोकाला लावा आणि मोटरच्या वरच्या, हँडल असलेल्या डोक्याचा बोल्ट काढून ते डोकं १८० अंशांत फिरवा, म्हणजे ती होडीला ढकलण्याऐवजी ओढेल. दांड्यातल्या तारा पिळल्या जात नाहीत ना, एवढं फिरवताना पाहा.