स्टोकमार्क्नेसचा एक तास: बोटीतून उतरून बोट बघायला

नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन ते किर्केनेस आणि परत, अशी ही 'हुर्तिगरुटन' या किनारी बोटसेवेची सफर 12 दिवसांची आणि 34 बंदरांची. बऱ्याच बंदरांत बोट माल उतरवते, चार माणसं घेते आणि लगेच सुटते. परतीच्या वाटेवर स्टोकमार्क्नेसला मात्र दुपारी सव्वादोनच्या सुमारास लागते आणि तासभर थांबते. आमच्या टूर लीडरने "तिथे काही नाही, आरामात जेवा" असं सांगून टाकलं होतं. मी जेवण आटोपतं घेतलं आणि खाली उतरले.

धक्क्याला लागूनच हुर्तिगरुटन म्युझियम आहे. भल्यामोठ्या काचेच्या इमारतीत अख्खी आगबोट ठेवलीय! 'फिनमार्कन' 1956 ची. 1993 पर्यंत ती याच मार्गावर फिरत होती, 1999 मध्ये जमिनीवर आणली. बरीच वर्षं ऊनपाऊस खात उघड्यावर उभी होती, 2021 मध्ये तिच्यावर हे काचेचं छप्पर आलं.

मी आधी खालून फेरी मारली. बोटीचा पाण्याखालचा भाग एरवी कुठे बघायला मिळतो? पंखा आणि सुकाणू माझ्या डोक्याच्या वर. मग जिन्याने आत. अरुंद बोळ, लोखंडी दारांचे उंच उंबरठे, केबिनमध्ये एकावर एक दोन बाकं आणि गोल खिडकी. कठड्याच्या लाकडावरून हात फिरवला आणि मला थेट भाऊचा धक्का आठवला. लहानपणी आम्ही मालवणला आगबोटीनेच जायचो. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची आणि बंदर आलं की भर समुद्रात हेलकावणाऱ्या होडीत उतरायचं. आई माझं बखोट धरून असायची. आमची 'कोकण सेवक' अशी कुणी जपली असती तर मी तिकीट काढून रांगेत पहिली उभी राहिले असते.

हे म्युझियम याच गावात असण्याला कारण आहे. रिचर्ड विथ या इथल्याच कप्तानाने 1893 मध्ये 'वेस्टरालेन' ही बोट ट्रॉनहाइम ते हॅमरफेस्ट सुरू केली, तीच हुर्तिगरुटनची सुरुवात. उत्तरेला तेव्हा दीपस्तंभ मोजकेच, हिवाळ्यात दिवसभर अंधार आणि पाण्यात खडकच खडक. रात्री बोट हाकायला कुणी तयार होईना. विथ आणि त्याचा वाटाड्या यांनी मात्र आधीपासूनच दिशा, वेग आणि वेळ यांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांच्या भरवशावर, होकायंत्र आणि घड्याळ बघत ते अंधारात बोट नेत. आपल्याकडचा तांडेल हे ऐकून नक्की मान डोलावेल.

तासभर पुरतो का? नाही. वरचे डेक आणि केबिन नीट बघायच्या तर बाकीचं प्रदर्शन धावतच उरकावं लागतं. वाचायची आवड असणाऱ्याने इथे एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची बोट पकडावी. उत्तरेला जाताना हेच बंदर मध्यरात्रीनंतर येतं, तेव्हा म्युझियम बघायचं ते परतीतच.

उतरताना बोटीचं कार्ड खिशात ठेवा, चढताना तेच दाखवावं लागतं. दहा मिनिटं हातात ठेवून परता, बोट कुणासाठी थांबत नाही. गावातल्या कॉफीच्या नादी लागू नका, ती बोटीवर मिळते. आणि वर आल्यावर केबिनमध्ये आडवं व्हायचं नाही: पुढे राफ्टसुंडची चिंचोळी सामुद्रधुनी लागते, तेव्हा डेकवर कठड्याजवळची जागा आधीच धरा.