फिरकी मॉप: लादी पुसणारे वाढले, बादली ओतणारे नाहीत

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानातून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी हा मॉप आणला. चौदाशेच्या आसपास पडला, सोबत दोन डोकी (दांड्याला लावायचे पुसायच्या धाग्यांचे गोल झुबके). पायाने दाबायच्या पेडलचा नव्हे. दांडा वरून खाली दाबला की बादलीतली जाळीची टोपली गरगर फिरते आणि पाणी निथळते, तो. ऑनलाइन थोडा स्वस्त मिळतो, पण मला टोपली हाताने फिरवून बघायची होती. स्टीलचीच घ्या. शेजारी प्लास्टिकच्या टोपलीचा आहे, तो हल्ली फिरताना पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो.

लादी स्वच्छ होते का, एवढेच विचाराल तर होते. पण त्यासाठी मी तो घेतलाच नव्हता. लादी फडक्यानेही स्वच्छच व्हायची. ती पुसायची कोणी, हा प्रश्न होता.

आमचे घर बांदोड्याला, जुने. पुढे सोपा, मध्ये राजांगण (घराच्या पोटातला चौक), भोवती खोल्या. सगळीकडे मोझाईक, स्वयंपाकघरात तेवढा लाल कोबा. जून लागला की अंगणातली तांबडी माती प्रत्येकाच्या पायाबरोबर आत येते, आणि हवा अशी दमट की सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली लादी दुपारी जेवणाची पाने घेतानाही ओलीच. माणसे पाच: सासूबाई, आम्ही दोघे, कॉलेजातली मुलगी आणि बारावीतला मुलगा. पुसणारी मी, कधीमधी मुलगी. बाकीच्यांची कारणे ठरलेली. आईंचे गुडघे, ते खरेच. ह्यांची पाठ उकिडवे बसले की धरते (क्रिकेट बघताना धरत नाही). मुलाला ते काळे फडके पिळायची किळस.

मॉप आला आणि ही कारणे संपली. वाकायला नको, पिळायला नको. दांडा उंचीप्रमाणे लांब-आखूड होतो, त्यामुळे ह्यांना पाठीचे नावच काढता येईना. मुलाला तर टोपली फिरवायचेच वेड लागले, सुरुवातीला पुसण्यापेक्षा फिरवणे जास्त. आई सोप्यावर खुर्चीत बसून बघत होत्या. "दादल्यांनी लादी पुसप?" (पुरुषांनी लादी पुसायची?) असे एकदा म्हणून झाले. पुढच्या खेपेला त्याच खुर्चीतून बोट दाखवून मुलाला सांगत होत्या, "थंय उरलां पळय." (तिथे राहिलंय बघ.) विरोध मावळला की देखरेख सुरू होते, हे सासूबाईंच्या बाबतीत मला नवे नाही.

मुलीला आकडे तोंडपाठ असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. आणि ही ९७ सगळ्या पुरुषांची नव्हे, जे मुळात घरकाम करतात त्यांचीच. असे पुरुष शंभरात साधारण सव्वीस. तिने हे जेवताना ऐकवले, तेव्हा हे म्हणाले, "आपण गोव्यातले, आपल्याकडे सगळे निम्मे-निम्मे." खरे आहे. पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सारखी. म्हणजे ज्या लादीवर ह्यांचे पाय असतात तिची अर्धी मालकीण मी. पुसायला मात्र ती पूर्ण माझ्याकडे होती.

आता मॉपची खोड. पुसणे हे काम आता दिसायला छान झाले आहे. उभ्याने, मिरवत करता येते, कोणी आले तर "आज मीच पुसतोय" म्हणताही येते. पण काम तिथे संपत नाही. बादलीत खाली लालसर गढूळ पाणी, टोपलीत केसांचे गुंते, डोक्याला चिकटलेला भाताचा सुकलेला दाणा, हे सगळे उरते. पुसणारा मॉप भिंतीला टेकवून निघून जातो. बादली तशीच. दुसऱ्या दिवशी झाकण नसलेल्या त्या बादलीवर डास. ह्यांनी पुसले आणि बादली मी ओतली, असे बरेच दिवस चालले. शेवटी मुलीने न्हाणीच्या दारावर कागद चिकटवला: जो पुसेल तोच ओतेल, तोच डोके धुऊन दोरीवर घालेल. मुलाने खाली पेनने "आणि जो चिखल आणेल तो?" असे लिहिले. त्याचे उत्तर अजून कोणी लिहिलेले नाही.

म्हणून घेताना बादलीच्या तळाला पाणी सोडायचे बूच आहे का, हे आधी बघा. आमच्या बादलीला आहे. न्हाणीच्या मोरीपाशी ढकलत न्यायची आणि बूच काढायचे. भरलेली बादली उचलून ओतायची नसल्यामुळे आईही हे काम करू शकतात, आणि करतात, कोणी न सांगता. चाके मात्र नावालाच. उंबरठा आला की बादली उचलावीच लागते, आणि आमच्या घरात उंबरठे जागोजागी.

चवथीत खरी परीक्षा झाली. घरी पाहुणे, माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला) बांधलेली फळे पिकून देवापुढे रस टपटपतोय, अंगणात फटाक्यांचे कागद भिजून लगदा झालेले. रस चिकट, तो एका फेरीत जात नाही. आधी ओले डोके दाबून ठेवायचे, मग टोपलीत निथळून पुसायचे. पण भरपूर पाणी निथळत असल्यामुळे लादी पटकन वाळते आणि आरतीला आलेल्यांचे पाय घसरत नाहीत. पावसाळ्यात मला याचे मोल सर्वांत जास्त. गोल डोके कोपऱ्यात पोचत नाही, खांबांच्या बुंध्याशी तर नाहीच. तिथे अजून फडकेच, आणि ते फडके, सांगायला नको, माझ्याच हाती. अंगणासाठी हिराचा खराटा आहे, त्याला पर्याय नाही.

डोक्याचे धागे मायक्रोफायबरचे. कपड्यांचे सॉफ्टनर त्याला लावू नका, धाग्यांवर थर बसतो आणि ते पाणी शोषेनासे होतात. ब्लीचही नको. आणि लादी मोझाईकची असेल तर डाग काढायला ॲसिड अजिबात नको. त्यातले सिमेंट आणि संगमरवराची खडी दोन्ही खाल्ली जाते, चकाकी जाते ती पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही.

ओले डोके बादलीत ठेवले तर ऑगस्टमध्ये त्याला असा वास सुटतो की पुसलेली खोली न पुसलेलीच बरी. जास्तीचे डोके लागतेच, एक वाळत आणि एक कामात. सुटे डोके दीडशे-दोनशेला मिळते, पण ज्या चकतीवर ते बसते तिचा आकार कंपनीगणिक वेगळा असू शकतो. तेव्हा मॉप घ्याल त्याच दुकानात त्याची डोकीही मिळतात का, ते पैसे द्यायच्या आधी विचारा.