हात वेगळे की एकत्र? पियानोवर नवी रचना बसवण्याच्या पद्धती, शेजारी-शेजारी ठेवून

नवी रचना बसवायला घेतली की पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. दोन्ही हात वेगवेगळे तयार करायचे की एकदम? सुरुवातीपासून सरळ पुढे जायचं की तुकडे पाडायचे? वेग पायरी-पायरीने वाढवायचा की छोटा तुकडा थेट खऱ्या वेगात घ्यायचा? बरेच जण हे सवयीने ठरवतात. एखाद्या रचनेला एक पद्धत लागू पडली की पुढच्या प्रत्येक रचनेला तीच लावतात आणि मग महिनाभर एकाच जागी अडकून राहतात. आमचं मत असं, की पद्धत वाजवणाऱ्याच्या आवडीवरून नाही, रचनेच्या विणीवरून निवडावी. म्हणून बोटं पट्ट्यांवर ठेवण्याआधी दहा मिनिटं फक्त नोटेशनचा कागद वाचा. कुठले बार (उभ्या रेषांमधले ठरावीक मात्रांचे भाग) हुबेहूब सारखे आहेत, हात जागा कुठे बदलतो, सर्वांत लांब उडी कुठे आहे, हे पेन्सिलीने खुणावून ठेवा. पुढची निवड याच खुणांवर करायची आहे.

हात वेगळे, की पहिल्यापासून एकत्र

वेगळ्या हातांचा खरा फायदा म्हणजे बोटांचे क्रमांक पक्के होतात. अंगठा 1, करंगळी 5. कुठला सूर कुठल्या बोटाने, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरलं नाही तर दर वेळी बोटं वेगळी पडतात आणि हाताला लक्षात ठेवायला काही उरतच नाही. दुसरा फायदा कानाचा. एकटा डावा हात ऐकला की त्याच्यातली चाल कळते. एरवी ती उजव्या हाताच्या सुरांखाली झाकली जाते.

तोटाही तितकाच खरा आहे. दोन हात जुळवणं हे स्वतंत्र काम आहे आणि वेगळ्या सरावाने ते आपोआप होत नाही. आठ-दहा दिवस एकेक हात घोटून पूर्ण वेगात नेला आणि मग एकत्र केले, की वेग अर्ध्याच्याही खाली येतो. वर नवा त्रास म्हणजे, एकट्याने धावायला शिकलेला हात दुसऱ्यासाठी थांबायला तयार नसतो. म्हणून वेगळे हात घ्यायचे ते बोटांचे क्रमांक बसेपर्यंतच. त्याच दिवशी निदान दोन बार एकत्र, अगदी संथ का होईना, वाजवून मगच उठावं.

आता रचनांकडे पाहू. बाखचं पहिलं इन्व्हेन्शन (दोन स्वतंत्र ओळींची छोटी रचना; सी मेजर, 22 बार) उजव्या हाताने सुरू होतं आणि अर्ध्या बारनंतर डावा हात तोच विषय, म्हणजे मुख्य सुरावट, एक सप्तक खाली घेऊन येतो. इथे दोन्ही हात सारख्या मानाचे आहेत, सोबतीला असा कुणीच नाही. अशा ठिकाणी हात वेगळे घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि प्रत्येक हाताची ओळ स्वतंत्र गुणगुणता आली पाहिजे. उजवा वाजवत डाव्याची ओळ गुणगुणता येत नसेल, तर एकत्र करायची घाई करू नका.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे बीथोव्हेनचं ‘फ्यूर एलिझे’. सुरुवातीच्या परिचित वळणानंतर उजवा हात ‘ए’ या सुरावर टेकतो (पाश्चात्त्य पद्धतीत सुरांना ए, बी, सी अशी अक्षरं असतात), त्याखाली डावा ए–ई–ए चढतो आणि तीच चढण उजवा सी–ई–ए करत पुढे नेऊन ‘बी’वर सोडतो. सहा सुरांची ही एकच लाट दोन हातांत वाटलेली आहे. हात वेगळे केले की ती मधोमध तुटते, आणि वेगळ्या सरावात लागलेली प्रत्येक हाताच्या शेवटच्या सुरावर थांबण्याची खोड नंतर निघता निघत नाही. हा भाग पहिल्या दिवसापासून एकत्रच घ्यावा. डाव्याचा तिसरा सूर वाजत असतानाच उजवा ‘सी’वर पोचलेला असला पाहिजे. जोडावर खाच ऐकू येते ती बहुतेक वेळा उजवा उशिरा निघाल्यामुळे.

शोपँचं ई मायनर प्रील्यूड (छोटी रचना; ओपस 28, क्रमांक 4, 25 बार) या दोहोंच्या मध्ये बसतं. उजव्याला मोजके लांब सूर, डाव्याला सतत धडधडणाऱ्या कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले अनेक सूर. या कॉर्डमधला बहुधा एखादाच सूर अर्ध्या स्वराने खाली सरकतो, बाकीचे तिथेच राहतात. त्यामुळे डावा हात एकट्याने बसवताना कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवू नका. प्रत्येक कॉर्ड एकदाच दाबा आणि कुठलं बोट हललं तेवढंच पाहा. हा नकाशा डोक्यात बसला की उजवा हात जोडायला फार वेळ लागत नाही.

एका हातात तीन आणि दुसऱ्यात दोन सूर एकाच मात्रेत येत असतील, तर वेगळे हात जवळपास निरुपयोगी. मात्रेचे सहा भाग करा: तीनवाला हात 1, 3, 5 वर, दोनवाला 1 आणि 4 वर. म्हणजे क्रम होतो: दोन्ही, तीनवाला, दोनवाला, तीनवाला. हे आधी मांडीवर थापून घ्या. पियानोवर गेल्यावर सूर सोपे करा, प्रत्येक हाताला एकच पट्टी द्या, आणि लय बसली की खरे सूर घाला.

दोन्हींच्या मधली एक वाटही आहे आणि ती फार कमी वापरली जाते. उजवा हात पूर्ण वाजवायचा, डाव्याचा मात्र प्रत्येक बारमधला पहिलाच सूर घ्यायचा. तो सहज यायला लागला की मधले सूर भरत जायचे. डाव्या हाताला ठरावीक साच्याची साथ असलेल्या बहुतेक रचनांना ही वाट आधीच्या दोन्ही पद्धतींपेक्षा लवकर फळते.

सरळ पुढे, तुकड्यांनी, की शेवटाकडून

सरळ पुढे जाण्याचा परिणाम ठरलेला: पहिले आठ बार शंभरदा वाजतात, शेवटचे आठ दहादा. चूक झाली की मुळापासून सुरू करायची सवय असेल तर हे आणखी वाढतं. ओळख करून घ्यायला पहिल्या दिवशी आणि तयारी तपासायला शेवटी, एवढ्यापुरतीच ही पद्धत ठीक आहे.

तुकड्यांची पद्धत बहुतेकांना सोयीची, पण तिची जुळणी कच्ची राहते. चार बार उत्तम, पुढचे चार उत्तम, आणि दोहोंच्या सांध्यावर हात अडतो. कारण साधं आहे: हात चौथ्या बारच्या शेवटी थांबायलाच शिकला आहे. म्हणून तुकडा नेहमी पुढच्या बारच्या पहिल्या सुरापर्यंत घ्या, त्याच्या बोटाच्या क्रमांकासकट. तुकड्याची लांबीही चार बारच असली पाहिजे असं नाही. लांब उडी असेल तर उडीआधीचा एक सूर आणि नंतरचा एक सूर, एवढा तुकडा पुरतो.

शेवटाकडून बसवताना आधी अखेरचे चार बार, मग त्याआधीचे चार जोडून आठ, असं मागे सरकत जायचं. वाजवताना तुम्ही सतत जास्त पक्क्या भागाकडे जात असता, त्यामुळे शेवट जवळ आला की धीर वाढतो. लोकांसमोर पाठ वाजवायचं असेल तर आम्ही हीच पद्धत सुचवू. मात्र रचना आधी पुरेशी ऐकलेली नसेल तर हा उलटा प्रवास अर्थहीन वाटतो, वाक्य कुठून कुठे चाललंय तेच कळत नाही.

तुकडे कसेही पाडा, एक जागा वेगळी काढाच. एकच ओळ दोनदा येते आणि दुसऱ्यांदा वेगळ्या वळणाने जाते, तिथे पाठ वाजवणारे हटकून चुकतात. पहिल्याच वळणावर जातात आणि गोल फिरत राहतात. ही दोन्ही वळणं पाठोपाठ वाजवा: ओळ–पहिलं वळण, ओळ–दुसरं वळण. ओळीतला कितवा सूर वेगळा आहे ते तोंडाने सांगता आलं पाहिजे.

मेट्रोनोमच्या पायऱ्या, की पूर्ण वेगातले घास

मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करून मात्रा दाखवणारं यंत्र, आणि त्यावरची पायऱ्यांची पद्धत सगळ्यांच्या ओळखीची. मिनिटाला 120 मात्रा गाठायच्या असतील तर 60 वर सुरू करा, तीनदा बिनचूक झालं की 4 ने वाढवा, चुकलं की दोन पायऱ्या खाली या. सम लय आणि अचूक सूर यासाठी हिला तोड नाही. पण वेग 90 किंवा 100 च्या आसपास अडकतो आणि कितीही घोटलं तरी पुढे सरकत नाही, हाही नेहमीचा अनुभव. दर वेळी सराव कमी पडलेला असतो असं नाही. हालचालच संथ वेगाची शिकलेली असते. संथ वाजवताना प्रत्येक बोट उंच उचलायला आणि अंगठा निवांत हाताखालून न्यायला वेळ असतो. वेगात तो मिळत नाही. तिथे बोटं पट्ट्यांना लागून राहावी लागतात आणि अख्खा हात एका झटक्यात सरकवावा लागतो.

अडकलेल्या जागी दुसरी पद्धत घ्या. चार सूर पूर्ण वेगात वाजवा आणि पाचव्यावर थांबा. हात सैल सोडा, पुढच्या जागेवर नेऊन ठेवा, मग पाचव्यापासून पुढचे चार. सगळे घास जमले की थांबे लहान करत जा. या पद्धतीचा दोष असा, की लय फेंगडी राहते आणि चुकीचा सूर लक्षात न येता पक्का होतो. त्यामुळे हिच्यानंतर एकदा संथ फेरी हवीच. मनगट किंवा कोपरापुढचा हात दुखायला लागला तर थांबा. ताठरलेल्या हाताने वेग वाढत नाही.

संथ, गाणाऱ्या रचनेला दुसऱ्या पद्धतीची गरजच पडत नाही. तिथे अडचण वेगाची नसून आवाजाची आणि पेडलची (सूर लांबवणाऱ्या, पायाने दाबायच्या पट्टीची) असते, आणि पेडल शेवटी न घालता कॉर्ड बसल्याबरोबर घालावं. कॉर्ड वाजली की पाय वर, लगेच खाली. कॉर्डसोबतच पाय दाबला तर आधीचे सूर मिसळून गढूळ होतात.

मग कुणी काय घ्यावं

रोज वीस मिनिटंच मिळत असतील तर तुकडे घ्या, पण एकाच तुकड्यावर सगळी वीस मिनिटं घालू नका. तीन तुकडे आलटून-पालटून, प्रत्येकी काही मिनिटं. बसल्या जागी प्रगती कमी वाटेल, दुसऱ्या दिवशी मात्र जास्त शिल्लक राहिलेलं दिसेल. नोटेशन अजून अडखळत वाचत असाल तर हात वेगळे आणि वेग संथ, यात कमीपणा काही नाही. वाचन चांगलं असेल तर एकत्र सुरू करा आणि हात कोलमडेल तेवढ्याच दोन-चार बारसाठी वेगळे करा. मुदत जवळ असेल तर सर्वांत अवघड पान पहिल्या दिवशी उघडा.

रचना बसली की नाही, हे दिवसातल्या पहिल्या वाजवण्यावरून ठरवा. अर्ध्या तासाच्या सरावानंतरचं वाजवणं त्यासाठी धरू नका. कागद बंद करून कुणाला तरी खुणेच्या जागांपैकी कुठलीही एक सांगायला सांगा आणि तिथून सुरू करा. मग डावा हात एकटा, पाठ. जिथे डावा थांबेल त्या बारवर तारीख घाला आणि उद्याचा सराव तिथूनच सुरू करा.