चामडेकामाचा तयार हत्यारसंच : म्यानाच्या कसोटीवर

छंद म्हणून चामड्याचे काम सुरू करणाऱ्यांसाठी मिळणारे तयार हत्यारसंच बहुतांशी एकाच साच्यातले असतात. नक्षीचे ठसे, गोल छिद्रांचे पंच, दातेरी छिन्न्या, आरी, सुया, मेण लावलेला दोरा, कडा तासायचे हत्यार, लाकडी घोटणी आणि एक लहानसा हातोडा एवढा ऐवज त्यांत असतो. अशाच एका संचाचे हे परीक्षण असून त्यासाठी कसोटी एकच ठेवली आहे : एवढ्या हत्यारांवर सुरीचे साधे, पण रोजच्या वापराचे म्यान तयार होते का? पाकिटापेक्षा म्यान ही कडक परीक्षा ठरते, कारण त्यात जाड चामड्याचे तीन थर एकत्र शिवावे लागतात आणि आतली धार सदैव शिवणीवर टपून असते.

पेटी उघडल्यावर नगांची संख्या डोळ्यांत भरते, पण त्यांतले निम्मे नग ठसेच आहेत. ते ओतीव मिश्रधातूचे असून उठाव उथळ देतात आणि म्यानासाठी त्यांची गरजही नसते. फिरता पंच पातळ पट्ट्यांपुरता ठीक आहे. या दोन्हींवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

संचातली खरी कामाची वस्तू म्हणजे ४ मिलिमीटर अंतराच्या दातेरी छिन्न्या. दाते सरळ आहेत, अंतर सारखे आहे आणि दोन दात्यांची व सहा दात्यांची अशा दोन्ही छिन्न्या असल्यामुळे वळणावरही टाक्यांची ओळ बिघडत नाही. मात्र दात्यांच्या आतल्या बाजू कारखान्यातून खरबरीत आल्या आहेत. त्यामुळे छिन्नी आत सहज जाते, पण बाहेर ओढताना चामड्याला घट्ट धरून ठेवते आणि छिद्राची कड वर उचलते. ४०० क्रमांकाच्या पॉलिश कागदाची बारीक पट्टी दात्यांच्या मधून फिरवावी, पुढे ८०० आणि १२०० पर्यंत जावे, शेवटी दात्यांवर थोडे मधमेण घासावे, की हीच छिन्नी अंगठ्याच्या दाबाने बाहेर येऊ लागते. छिन्नीवर लोखंडी हातोडा मारू नये. संचातल्या हातोड्याचे डोके नायलॉनचे आहे हे योग्यच, पण ते इतके हलके आहे की जाड चामड्यावर दोन घावांऐवजी सहा घालावे लागतात आणि प्रत्येक घावाबरोबर छिन्नी तिरकी होण्याचा धोका वाढतो. वजनदार लाकडी मोगरी असेल तर तीच वापरावी.

तिन्ही थर चिकटवून झाल्यावर छिन्नीने एकदमच आरपार छिद्रे पाडण्याचा मोह टाळावा. सुमारे ९ मिलिमीटर जाडीतून जाताना दाते किंचित जरी कलले तरी पाठीमागची ओळ नागमोडी होते. आधी फक्त दर्शनी थर छेदावा, मग थर चिकटवावेत आणि उरलेली जाडी आरीने एकेक छिद्र करून पार करावी. इथेच या संचाची सर्वात मोठी उणीव उघडी पडते. दिलेल्या आरीचे टोक अणकुचीदार आहे, पण पात्याच्या चारही कडा बोथट आहेत. अशी आरी चामडे कापत नाही, नुसते बाजूला रेटते. हात दुखतो आणि छिद्र पुन्हा मिटते. आरीचे पाते पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे आणि कडांना धारदार हवे. दगडावर लावून तिला धार येते, पण या पात्याचे पोलाद मऊ असल्याने ती टिकत नाही. सुट्ट्या खरेदीत पहिला पैसा चांगल्या आरीवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुयांबाबतही तक्रार आहे. दोन सुयांच्या शिवणीत दोन्ही सुया एकाच छिद्रातून जातात, म्हणून त्यांची टोके बोथट हवीत. संचातल्या सुया टोकदार आहेत आणि त्या आधीच्या दोऱ्यालाच छेदतात. टोक पॉलिश कागदावर चार वेळा घासले की हा दोष जातो. वाकड्या सुया मात्र पेटीतच राहू द्याव्यात.

दोरा चांगला आहे : १ मिलिमीटर जाडीचा, मेण लावलेला, पॉलिस्टरचा, टोके उष्णतेने वितळवून बंद करता येतील असा. सोबतच्या पत्रकात शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा असे म्हटले आहे आणि हाच सल्ला म्यान करणाऱ्याला अडचणीत आणतो. प्रत्येक टाक्यात दोन्ही सुया प्रत्येकी टाक्याची लांबी आणि चामड्याची जाडी एवढे अंतर कापतात. टाका ४ मिलिमीटरचा आणि जाडी ३ मिलिमीटर असेल तर हिशेब साडेतीनपट येतो, म्हणजे पाकिटासाठी चौपट पुरे. जाडी ९ मिलिमीटर झाली की तोच हिशेब साडेसहापट होतो. २० सेंटिमीटर शिवणीला १३० सेंटिमीटर दोरा लागतो आणि दोन्ही टोकांना सुई धरायला मिळून आणखी ३० सेंटिमीटर सोडावा लागतो. अर्ध्यावर दोरा संपला तर म्यानाच्या ऐन दर्शनी बाजूला जोड येतो.

संचासोबत आलेला चामड्याचा तुकडा म्यानासाठी निरुपयोगी आहे. तो क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेला, मऊ आणि लवचीक आहे. ओला करून सुरीच्या आकारात बसवला तरी आकार धरत नाही. म्यानाला वनस्पतींतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेले, ३ ते ३.५ मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे. पारख सोपी आहे : क्रोम चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर-करडी दिसते, तर वनस्पती-कमावणीच्या न रंगवलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो चटकन मुरतो आणि जागा गडद होते. याच चामड्याची एक लांबट पट्टी धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये घालावी, म्हणजे सुरी सरकवताना धार दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पत्रकात या पट्टीचा उल्लेखही नाही, हे मला अक्षम्य वाटते.

काही हत्यारे विकत घेण्यापेक्षा घरी केलेली बरी. संचातल्या घोटणीच्या खाचा एवढ्या अरुंद आहेत की तीन थरांची कड त्यांत बसतच नाही. कठीण लाकडाच्या गोल दांड्याला कानशीने १० मिलिमीटर रुंदीची खाच पाडून ती गुळगुळीत केली, की कड ओलसर करून घोटायला उत्तम साधन मिळते. शिवताना काम धरायचा चिमटाही दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक बोल्ट यांत होतो, आणि दोन्ही हात मोकळे राहिल्याने टाक्यांचा ताण सारखा येतो. कड पातळ करायची रापी यंत्रकरवतीच्या जुन्या हायस्पीड पोलादी पात्यापासून करता येते. हातकरवतीचे द्विधातू पाते त्यासाठी घेऊ नये, कारण त्यात फक्त दात्यांची कड कठीण असते. साध्या कार्बन पोलादाला चाकावर धार लावताना ते वारंवार पाण्यात बुडवावे. त्यावर निळा रंग चढला तर तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले असे समजावे.

आकार देताना पत्रकातली एक सूचना तर सरळ बाजूला ठेवावी : ओले म्यान गरम हवेच्या यंत्राने लवकर वाळवण्याची. ओले चामडे फार तापले तर आक्रसते, ठिसूळ होते आणि पुन्हा सरळ होत नाही. म्यान साध्या पाण्यात बुडवून, सुरी प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात गुंडाळून आत घालावी, बोटांनी आणि हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने आकार दाबावा आणि म्यान सावलीत वाळू द्यावे. लोखंडी चिमटे लावू नयेत, कारण ओल्या चामड्यातले टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळे डाग पाडते.

ज्याला पाकिटे आणि पट्टे करायचे आहेत त्याने हा संच जरूर घ्यावा. ज्याचे लक्ष्य म्यान आहे त्याने छिन्न्या, दोरा आणि आरी सुट्ट्या घ्याव्यात, आणि तयार झालेल्या म्यानात सुरी महिनोन्महिने ठेवून देऊ नये. चामडे हवेतला ओलावा धरते आणि कार्बन पोलादाचे पाते आतल्या आत गंजते.