सील फोडू नका म्हणाला की उठायचं : जुन्या पुएर चहात कसं गंडवतात

एप्रिल आणि ऑक्टोबर आला की ग्वांगझूला कँटन फेअरसाठी आपल्याकडची पब्लिक उतरते, इचलकरंजी, भिवंडी, पुणे सगळीकडनं. दिवसभर मशिनी बघून पाय दुखले की संध्याकाळी कुणीतरी त्यांना फांगत्सुनच्या चहा मार्केटला घेऊन जातंच. मार्केट वाईट नाही, चीनमधलं चहाचं सगळ्यात मोठं होलसेल मार्केट आहे ते, आणि बरीच दुकानं सरळ धंदा करतात. पण 'जुना पुएर' घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे दाजी एप्रिलमध्ये सव्वा लाखाला बसलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुएर हा युन्नानचा चहा, मोठ्या पानांचा, उन्हात वाळवतात, मग वाफ देऊन दाबून त्याची चपटी गोल चकती करतात, साधारण ३५७ ग्रॅमची, आणि सात चकत्यांची चळत बांबूच्या सालीत बांधतात, म्हणजे अडीच किलो झाले. दोन प्रकार आहेत, शंग म्हणजे कच्चा, जो वर्षानुवर्षं ठेवून आपोआप मुरतो, आणि शू म्हणजे मुद्दाम पिकवलेला, ढीग लावायचा, पाणी मारायचं, झाकून ठेवायचा, दीड-दोन महिन्यांत काळा. ही पिकवायची पद्धत १९७० च्या दशकातली, खरा मुरलेला शंग मिळायला वीस-तीस वर्षं थांबावं लागतं म्हणून शोधलेली. त्यामुळे जुन्या शंगला भयंकर भाव आहे आणि लोक तो पिण्यापेक्षा ठेवायलाच घेतात. २००७ मध्ये तर याचा पूर्ण सट्टा झाला होता, भाव वर वर गेले आणि त्याच वर्षी धाडकन आपटले. तरी हौस गेलेली नाही. दाजींना हे त्यांच्या कुठल्यातरी चिनी एजंटने सांगितलेलं, त्यामुळे ते येतानाच ठरवून आलेले, "अरे प्लॉट घेतल्यागत आहे ते, ठेवायचं आणि विसरायचं."

दुकानदार पन्नाशीचा, एकदम मवाळ माणूस. कुठेही घाई नाही. झाकणाच्या वाटीत चहा टाकला, पहिलं पाणी ओतून दिलं, मग छोट्या छोट्या कपांत पाजत बसला, तासभर तरी. आणि खरं सांगतो, तो चहा चांगला होता. लालसर तपकिरी, पण तळ दिसेल इतका स्वच्छ, कडूपणा जवळजवळ नाही, गिळल्यावर घशात गोडी राहत होती. वाटीतली पानं त्याने आम्हाला बोटाने दाबून बघायला लावली, मऊ होती, उलगडत होती. सांगितलं की ही १९९७ ची ७५४२ आहे, हाँगकाँगच्या एका गोडाऊनमध्ये होती, मालकाने सगळं विकायला काढलं तेव्हा उचलली. ७५४२ हा मंगहाय फॅक्टरीचा प्रसिद्ध नंबर, ७५ म्हणजे १९७५ चा फॉर्म्युला, ४ ही पानाची प्रत, २ हा फॅक्टरीचा कोड. म्हणजे चहा कुठल्या साली बनला ते या नंबरात कुठेच नाही. दाजींना वाटलं ७५ आहे म्हणजे काहीतरी फारच जुनं, आणि दुकानदार नुसता मान हलवत राहिला, हो पण नाही आणि नाही पण नाही.

मग आतून चळत आणली. बांबूच्या सालीत बांधलेली, वरून दोरी, दोरीवर चिकटवलेला कागद. म्हणाला ही त्याच गोडाऊनची, आपण प्यायलो ती याचीच बहीण. चकतीला २२०० युआनवरनं सुरुवात करून १५०० वर आला. मी म्हटलं दाजी, आधी यातली एक काढून बघू. तर दुकानदार एकदम कळवळून म्हणाला की चळत फोडली तर किंमत निम्म्यावर येते, पुढचा गिऱ्हाईक अखंड सील मागतो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. दाजी मलाच म्हणाले, "काय करतोस रे, बरोबरच बोलतोय की तो."

सगळा खेळ इथे आहे. अखंड चळतीला जास्त भाव मिळतो हे खरंच आहे, म्हणून तर हे वाक्य पटतं. पाजायचं एक, बांधून द्यायचं दुसरं, आणि मधे खऱ्याच नियमाची भिंत उभी करायची. साडेदहा हजार युआन वीचॅटवरून गेले.

दाजींनी परत जाताना चळत माझ्या घरीच उघडली आणि एक चकती मला भेट दिली, बाकीच्या सहा बॅगेत. मी ती इथल्या ऑफिसमध्ये नेली, तिथे एक चाओझोचा सहकारी आहे, त्या भागातले लोक सकाळपासून रात्रीपर्यंत चहा पितात. त्याने आधी रॅपरच उलटा केला. वरून छान पिवळा तपकिरी पडलेला कागद, आतून पांढराफेक. जुन्या चकतीचा कागद चहाच्या बाजूने डागाळतो, आतून बाहेर, हा बाहेरून रंगवलेला. मग आतली मोठी चिठ्ठी काढली आणि हसायलाच लागला. कोपऱ्यात निळं क्यूएसचं चिन्ह. हे चिन्ह चीनने खाण्याच्या मालावर आणलं तेच २००० सालानंतर, आणि २०१५ पासून तेही बदलून एससीने सुरू होणारा नंबर आला. १९९७ च्या चकतीत ते जाईल कसं? चिठ्ठी बंद चळतीच्या आत, दुकानात दिसायचा प्रश्नच नव्हता.

चहाच्या सुईने चकती फोडली. वरचा थर देखणा, लांब पानं, कळ्या. तसं चांगल्या चकतीलाही वरून बरी पानं लावतात, ते चालतं. पण आत चुरा, आणि कोंदट बुरशीचा वास. पाण्यात टाकल्यावर दोन जातीची पानं वेगळीच झाली, काही काळी कडक, कितीही पाणी घाला उलगडतच नाहीत, ती पिकवलेली, आणि काही अजून हिरवट, म्हणजे दोन-चार वर्षांचा कच्चा माल. दोन्ही मिसळून, दाबून, दमट जागेत ठेवून रंग आणलेला. दमट साठवण हीच फसवणूक असं नाही हं, हाँगकाँगला ती जुनी रीत आहे आणि तशी चव आवडणारे लोक आहेत. पण मधल्या भागात पिवळी बुरशी होती, ते पिऊ नको म्हणाला तो.

दाजींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी एक चकती आधीच मुंबईच्या पार्टीला गिफ्ट दिलेली. उरलेल्या पाच त्यांनी कॉलवरच उघडल्या, पाचही तशाच, तीच निळी चिन्हं.

दुकानदार अजिबात भडकला नाही. म्हणाला मी जुना चहा म्हटलं होतं, साल तुम्हीच धरलं, आणि परत करायचा तर सातही आणा, अखंड. सील फोडलेली आणि माल इचलकरंजीत, हे त्याला पक्कं ठाऊक. मग १२३१५ ला फोन केला, ही इथली ग्राहक तक्रारीची लाइन. कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे, फसवणूक सिद्ध झाली तर पैसे परत आणि वर तिप्पट भरपाई. पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते फापियाओ आहे का, म्हणजे सरकारी पक्कं बिल. आमच्याकडे हाताने लिहिलेली पावती, त्यावर "चहा, ७ नग". साल नाही, नंबर नाही, फॅक्टरी नाही. वीचॅटवर त्याचे नुसते फोटो आणि अंगठे, साल एकदाही टाइप केलेलं नाही, बोलायचं ते सगळं तोंडी.

त्यामुळे घ्यायचाच असेल तर त्याच चळतीतली एक चकती तुमच्या समोर काढून, फोडून, तीच प्यायला मागा, लागलं तर त्या एका चकतीचे पैसे वेगळे द्या. नाही म्हणाला तर उठा. साल, नंबर, फॅक्टरी फापियाओवर लिहून घ्या, खोटारडा इथेच मागे सरतो. आणि लाओ बानझांग नाव बघून तर भुलूच नका, युन्नानमधल्या बुलांगच्या डोंगरातलं एक गाव आहे ते, तिथला पुएर फार महाग, आणि त्याचे रॅपर इथे दर दुसऱ्या दुकानात.

शेवटी मध्यस्थीत माझ्याकडे होती त्या एका चकतीचे १५०० परत मिळाले. दाजी ऑक्टोबरला उरलेल्या पाच बॅगेत घालून आणणार आहेत, परवाच विचारत होते, कस्टमवाल्याने विचारलं तर काय सांगू रे.